एकाच माणसाची पाच वजनं

"तुमचा स्वभाव उतावळा असून बारीकसारीक गोष्टींकडे तुमचं लक्ष नसतं," हे वाक्य मिलिग्रामने तिसऱ्यांदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचण्याआधी चष्मा पुसून घेतला. कागदावर नाव त्याचंच होतं. कर्मचारी क्रमांकही त्याचाच होता. खाली ठळक अक्षरांत शिफारस होती: तपासणीच्या कामापासून दूर ठेवावे, विक्री विभागासाठी उत्तम.

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो तेवीस वर्षं तपासणीच्या खोलीत होता. दुकानातला काटा असो, दवाखान्यातला असो, की मालट्रक उभा करायचा अवाढव्य काटा असो, या खोलीतल्या सहीशिवाय तो फाटकाबाहेर पडत नसे. एकदा मोहरीच्या दाण्याइतका फरक आला म्हणून त्याने गाडीत चढवलेला सगळा माल खाली उतरवला होता, तेव्हापासून त्याचं नाव मिलिग्राम पडलं. खरं नाव आता फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. खोलीचे प्रमुख महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. उरलेली रजा संपवायला ते आधीच घरी बसले होते आणि त्यांची खुर्ची मिलिग्रामला मिळणार हे कारखान्यातल्या मांजरालाही माहीत होतं. अशा वेळी कंपनीला अचानक आपल्या माणसांमधली प्रतिभा शोधायची हुक्की आली.

चाचणी कॉम्प्युटरवर होती. नव्वद विधानं, तीस मिनिटं. प्रत्येक विधानापुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच बटणं. पहिलं विधान होतं, मला नवीन माणसांना भेटायला आवडतं. मिलिग्राम थबकला. नवीन म्हणजे किती नवीन? एका वेळी किती माणसं? कामाच्या वेळेत की रविवारी? त्याने मनुष्यबळ विभागाच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काका, मनाला येईल ते दाबा." मनाला येईल ते कर, असं तेवीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका विधानावर त्याने एकोणीस मिनिटं काढली. दुसऱ्यावर चार. मग पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली, सात मिनिटं शिल्लक, अठ्ठ्याऐंशी विधानं बाकी. पुढे जे झालं त्याला उत्तरं देणं म्हणत नाहीत, डास मारणं म्हणतात. यंत्राने त्याची इमानेइतबारे नोंद घेतली आणि एका आयुष्याचा निकाल छापून टाकला.

मिलिग्राम तडक मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, हे रीडिंग किती वेळा घेतलंत?"

"कसलं रीडिंग?"

"माझं."

"एकदाच. सगळ्यांचं एकदाच घेतात."

"एकदाच?" मिलिग्रामचा आवाज चढला. "अहो, आपल्याकडे कांदे तोलायचा काटा पाच वेळा तपासतात. तेच वजन मधोमध एकदा आणि चार कोपऱ्यांवर चारदा. पाचही आकडे जुळले तर काटा बाहेर, नाही तर परत दुरुस्तीला. आणि आख्खा माणूस एकदाच?"

"काका, ही शास्त्रीय चाचणी आहे. लाखो लोकांनी दिलीये."

"मग माझी परत घ्या."

"परत नाही देता येत. दोन वर्षं थांबावं लागतं."

"का पण?"

"लगेच परत दिली की निकाल बदलतो," मॅडम म्हणाल्या. त्या अगदी सहज म्हणाल्या, आणि म्हणून जास्त राग आला.

काट्यांच्या कारखान्यात, काटे बनवून पोट भरणाऱ्या दीडशे माणसांच्या डोक्यावर बसून, ही बाई सांगत होती की आमचा काटा दुसऱ्यांदा वेगळं वजन दाखवतो म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा वजनच करू नका! मिलिग्रामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो काहीतरी बोलणार होता, पण मॅडमनीच आवाज खाली आणला. "माझ्या निकालात काय आलंय माहितेय? हिला माणसांपासून लांब ठेवा. मी बोलले का काही? तुम्ही पंधरवड्याने विक्रीला रुजू व्हा."

त्याची बायको कपडे शिवायची. तो घरी आला तेव्हा ती कुणाचीतरी पँट उसवत होती. तिने कागद वाचला आणि मशीनवर डोकं टेकवून हसली.

"उतावळे? तुम्ही? लग्नाला हो म्हणायला अकरा महिने लावलेत. तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं."

"हसू नकोस. खुर्ची गेली."

"अहो, माझ्याकडे माप द्यायला येणारा प्रत्येक जण पोट आत ओढून उभा राहतो. मला माहीत असतं, मी दोन बोटं जास्त धरते. त्या चाचणीत पण सगळ्यांनी पोटं आत ओढली असणार. तुम्ही तेवढे सरळ उभे राहिलात."

"मी सरळ उभा नव्हतो गं. मी पळत होतो. सात मिनिटांत अठ्ठ्याऐंशी!"

"मग परत माप द्या."

"दोन वर्षं देता येत नाही."

बायकोने पँट बाजूला ठेवली. "असला कसला शिंपी?" ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

सोमवारी सकाळी फाटकावर वॉचमन तोंड पाडून बसला होता. तो मिलिग्रामच्याच वयाचा. आत जाणारी प्रत्येक गाडी आणि बाहेर पडणारी प्रत्येक गाडी वहीत लिहायची, एवढंच त्याचं वीस वर्षांचं काम.

"मलापण ती परीक्षा द्यायचीये म्हणे, शनिवारच्या आत," तो म्हणाला. "कॉम्प्युटर बघितला की हात कापतात माझे. तुम्ही भरून द्या ना."

मिलिग्रामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षांची अट कर्मचारी क्रमांकाला होती, माणसाला नव्हती. चौकशी केली तर अजून चाचणी न दिलेली चौघं निघाली. वॉचमन, कंपनीचा ड्रायव्हर, कँटीनचे काका आणि पॅकिंगच्या ताई. चौघंही कुणीतरी सुटका करावी म्हणून वाट बघत होती. एक रीडिंग स्वतःच्या नावावर झालेलंच होतं. चार कोपरे आयते मिळाले.

"पण नाव त्यांचं असेल तर निकाल कुणाचा होईल?" त्या रात्री जेवताना बायकोने विचारलं.

"निकाल माझा. नाव म्हणजे नुसता काट्याचा नंबर," मिलिग्राम म्हणाला, आणि कामाला लागला.

काम त्याने शिस्तीत केलं. एक नवी वही घेतली. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, शेवटचं खाणं किती वाजता, असे रकाने आखले. प्रत्येक विधानाला वीस सेकंद, कमी नाही, जास्त नाही, आणि प्रत्येक उत्तर मनापासून, स्वतःचं, खरंखुरं. मंगळवारी ड्रायव्हरच्या नावावर, जेवणाच्या सुट्टीआधी, कडकडून भूक लागलेली असताना. बुधवारी कँटीनच्या काकांच्या नावावर, दोन ताटं जेवून. गुरुवारी मॅडमशी पुन्हा एकदा वाजलं होतं, त्याच तिरमिरीत पॅकिंगच्या ताईंच्या नावावर. शुक्रवारी दुपारी वॉचमनच्या नावावर, कारखान्यातली यंत्रं देखभालीसाठी बंद होती आणि मन शांत होतं तेव्हा. या सगळ्या खटपटीत तपासणीच्या खोलीतलं काम त्याने कसंबसं उरकलं.

चार दिवसांनी निकाल आले, आणि निकालांबरोबर हुकूमही आले. हे मात्र मिलिग्रामच्या हिशेबात नव्हतं. त्याला रीडिंग हवी होती. त्यावर कुणी माणसं इकडची तिकडे हलवील असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ड्रायव्हरचा निकाल होता: कमालीचा तापट, सहकाऱ्यांना धोका. त्याला रागावर ताबा मिळवायच्या तीन दिवसांच्या वर्गाला बसवलं. तो इतका गरीब माणूस होता की मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तर हात जोडायचा. वर्गात त्याला उशीवर बुक्के मारायला सांगितले आणि तिसऱ्या दिवशी तो खरोखरच चिडून घरी गेला. कँटीनचे काका समाधानी, पुढे जाण्याची इच्छा शून्य, म्हणून सहा महिने निरीक्षणाखाली. त्यांनी त्याच दिवशी चहात साखर घालणं सोडलं. पॅकिंगच्या ताई धडाडीच्या, जोखीम घेणाऱ्या, उद्याच्या नेत्या. रोज सकाळी सगळ्या विभागांपुढे पाच मिनिटं स्फूर्ती देणारं बोलायचं, असं पत्र त्यांच्या हातात पडलं.

"चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो मला," ताई मिलिग्रामवर डाफरल्या. "काय भरलंत हो तुम्ही त्यात?"

"खरं ते भरलं," मिलिग्राम म्हणाला.

"कुणाचं खरं?"

मिलिग्रामने वहीतलं गुरुवारचं पान पुन्हा उघडलं.

आणि वॉचमन. त्याचा निकाल नोटीस बोर्डावर चौकट करून लावला होता. विलक्षण काटेकोर, संयमी, एकाग्र. अशी व्यक्ती हजारात एखादीच. गुणवत्ता तपासणीचं प्रमुखपद तात्काळ सोपवावं.

मिलिग्राम बोर्डासमोर उभा राहून वाचत होता. हे त्याचं वर्णन होतं. शब्दन् शब्द त्याचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बरोबर ओळखलं होतं, आणि खुर्ची वॉचमनला दिली होती!

लगेच जाऊन सांगावं तर मालक आठवडाभर परगावी गेलेले. मॅडम म्हणाल्या, त्यांच्या सहीचे हुकूम आहेत, मी काय करू? त्यामुळे तो आठवडा वॉचमन तपासणीच्या खोलीत बसला, फाटकावर बदली माणूस आला आणि मिलिग्रामला पंधरवड्याची वाट न बघता विक्रीला पाठवलं. पहिल्याच दुकानदाराने विचारलं, "काटा चांगला आहे ना?"

"आणताना गाडीत हादरे बसलेत. तपासल्याशिवाय कसं सांगू?" मिलिग्राम म्हणाला आणि गल्ल्याशेजारी वजनं मांडून पाऊण तास तपासत बसला. मग त्याने दुकानदाराचा जुना काटाही तपासला. तो दुसऱ्या कंपनीचा होता. "हा उत्तम आहे की. कशाला बदलताय?" आठवड्यात त्याने एकही काटा विकला नाही, उलट दोन गिऱ्हाइकांची घेतलेली ऑर्डर रद्द करून आला.

मालक परतले त्या सकाळी मिलिग्राम वही काखेत मारून केबिनमध्ये शिरला. मॅडम तिथे होत्याच. त्याने वही उघडून टेबलावर आपटली.

"मालक, हे पाच निकाल बघा. उतावळा, तापट, आळशी, धाडसी आणि काटेकोर. पाच माणसं नाहीत ही. पाचही मीच आहे."

मालकांना समजायला थोडा वेळ लागला. मॅडमना लगेच समजलं आणि त्या खुर्चीत टेकल्या. "म्हणजे तुम्ही दुसऱ्यांच्या नावावर…"

"हो. त्याची काय शिक्षा असेल ती द्या. पण आधी मला सांगा, एकाच माणसाची पाच वजनं कशी?"

मॅडमनी चाचणीवाल्या कंपनीच्या तज्ज्ञांना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तज्ज्ञांचा आवाज मधाळ होता. त्यांनी पाचही निकाल ऐकून घेतले, हं हं केलं आणि म्हणाले, "अगदी स्पष्ट आहे. आमची चाचणी अचूक आहे. या गृहस्थांचं व्यक्तिमत्त्वच स्थिर नाही. यांना जबाबदारीचं काम देऊ नका, असा माझा सल्ला राहील."

मिलिग्रामची कानशिलं तापली. तेवीस वर्षांत तो मालकांसमोर कधी मोठ्याने बोलला नव्हता.

"मालक! तुमच्या वडिलांच्या काळापासून लोक आपल्याकडे बिघडलेले काटे घेऊन येतात. म्हणतात, कालच्या बटाट्यांचं वजन आज वेगळं येतंय. आपण आजवर एकाला तरी सांगितलं का, की आमचा काटा बरोबर आहे, तुमचे बटाटेच लहरी आहेत म्हणून?"

मालक काट्यांमध्येच लहानाचे मोठे झाले होते. त्यांनी फोनकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि फोन बंद केला.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर लोकांनी जोड्याने मारलं असतं. मॅडम, सगळे हुकूम रद्द. ताईंना पॅकिंगला जाऊ दे, काकांना म्हणावं चहात साखर घाला. मिलिग्राम, झाल्या प्रकाराबद्दल तुझी एक दिवसाची रजा कापतो. आणि तपासणीची खोली तुझी."

मिलिग्रामने वही मिटली. बायकोला फोन करावा, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दार वाजलं आणि एक खोकं छातीशी धरून वॉचमन आत आला.

"मालक, आलात ते बरं झालं," तो म्हणाला. "हे बाळांचे काटे. दवाखान्याची चाळीसची ऑर्डर, आज दुपारी जायची. मी परत तपासले. सात काटे कोपऱ्यावर चुकतात. मधोमध बरोबर, कोपऱ्यावर पाव किलो कमी."

"परत तपासले म्हणजे?" मालकांनी विचारलं. "आधी पास झाले होते?"

"सही आहे की खाली. पण कुणाची ते मला वाचता येईना."

"मग तू का तपासलेस परत?"

वॉचमन गोंधळला. "खोलीच्या भिंतीवर लिहिलंय ना, माल बाहेर जाताना पाच जागी वजन बघा म्हणून. फाटकावर पण मी तेच करायचो. गाडी आत येताना लिहिली तरी बाहेर जाताना परत बघायचीच. आधी कुणीतरी बघितली असेल म्हणून सोडायची नाही."

मालकांनी एक काटा उचलून उलटा केला. खाली चिकटवलेल्या कागदावर तारीख होती. तो शुक्रवार होता. सही घाईघाईत केलेली होती आणि ती खरंच वाचता येत नव्हती. मिलिग्राम गप्प बसला असता तर कुणालाही कळलं नसतं. मालकांना नाही, मॅडमना नाही, वॉचमनला तर नाहीच. पण हे काटे बाहेर गेले असते तर कोपऱ्यावर झोपलेल्या बाळाचं वजन पाव किलो कमी दिसलं असतं, आणि एखादी आई उगाच रात्र रात्र रडली असती. मिलिग्रामला स्वतःचा इतका राग आला की तेवढा मॅडमचा, तज्ज्ञांचा आणि चाचणीचा मिळूनही आला नव्हता.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तुमच्या चाचणीचे कोपरे तपासत होतो. यांचे राहिले."

मालकांनी घसा साफ केला. "होतं असं एखाद वेळी. तू काही मनावर घेऊ नकोस. खोली तुझीच…"

"असं कसं?" मिलिग्राम कडाडला. "चूक करणारा प्रमुख आणि चूक पकडणारा फाटकावर? हा काय न्याय झाला? खोली यांना द्या. मी यांच्या हाताखाली काम करीन. बाकीचं मी शिकवतो त्यांना, आणि त्यांनी माझं रोज तपासावं."

"मला?" वॉचमन म्हणाला. त्याच्या हातातलं खोकं खाली येत चाललं होतं ते मिलिग्रामने धरलं.

मालकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मान हलवली. "मॅडम, यांच्या नेमणुकीचं पक्कं पत्र काढा."

मॅडमनी तिथेच लॅपटॉप उघडला, थोडा वेळ खाली वर बघितलं आणि मग म्हणाल्या, "सर, निवडीचं कारण लिहावं लागतं. चाचणीत प्रतिभा आढळली, असं लिहू?"

"अजिबात नाही!" मिलिग्राम ओरडला. "ती चाचणी यांनी दिलीच नाही. मी दिली. त्या भिकार यंत्राने मला बघून यांना निवडलं आणि आता फुकटचं श्रेय घेणार? काम बघून निवडलं, असं लिहा. आठ दिवस काम केलं, ते चोख केलं, आम्ही ते डोळ्यांनी बघितलं."

मॅडमनी पुन्हा एकदा सगळा फॉर्म नीट पाहिला. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

"काका, मला पटतंय हो," त्या म्हणाल्या, "पण काम बघून, असा रकानाच नाहीये यात."